मॉन्ट्रियल ते न्यू ऑर्लिन्स : डुरान–लेनर्ड लढतींचा प्रकरण अभ्यास

२० जून १९८० रोजी मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये पनामाच्या रॉबर्टो डुरानने अमेरिकेच्या शुगर रे लेनर्डला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, त्याच लेनर्डसमोर त्याच डुरानने आठव्या फेरीत हात उंचावून पाठ फिरवली आणि लढत सोडून दिली. दोन्ही लढतींत वजनगट तोच होता, पणाला लागलेला किताबही तोच होता आणि दोघांचे मुख्य प्रशिक्षकही तेच होते. मधे गेले १५८ दिवस. एवढ्या काळात कोणाच्या हाताची लांबी वाढत नाही आणि लहानपणापासून मुरलेले कसबही कोणाच्या अंगातून निघून जात नाही. म्हणूनच अव्वल मुष्टियोद्धा रिंगणात परिणामकारक ठरतो म्हणजे नेमके काय होते, हे तपासायला या दोन लढतींसारखे दुसरे प्रकरण सहसा सापडत नाही.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर यादीच्या स्वरूपात मिळते : ठोशाची ताकद, हातांचा वेग, दम, मार सोसण्याची क्षमता, जिद्द. ही यादी चुकीची नाही, पण या दोघांना ती लावून पाहिली की ती किती तोकडी आहे ते कळते, कारण यादीतले सगळे गुण जूनमध्येही दोघांकडे होते आणि नोव्हेंबरमध्येही होते. बदलली ती दोघांमधली जागा, आणि ती जागा कोण ठरवतो ही गोष्ट. प्रस्तुत लेखात या एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला आहे.

दोन योद्धे

डुरान पनामा सिटीच्या एल चोरिओ या गरीब वस्तीत वाढला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केन बुकॅननला हरवून तो लाइटवेट गटाचा, म्हणजे १३५ पाउंडांच्या गटाचा जगज्जेता झाला आणि पुढची सहा-सात वर्षे त्या गटात त्याच्यासमोर कोणाचा टिकाव लागला नाही. ‘दगडी हात’ या अर्थाचे टोपणनाव त्याला मिळाले होते. मॉन्ट्रियलला आला तेव्हा तो नुकताच २९ वर्षांचा झाला होता, आणि सत्तरहून अधिक लढतींत तो हरला होता केवळ एकदा, एस्तेबान दे हेसूसकडून. लेनर्ड २४ वर्षांचा होता. १९७६ मध्ये याच मॉन्ट्रियल शहरात त्याने ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले होते, व्यावसायिक झाल्यावर तो एकदाही हरला नव्हता, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये विल्फ्रेड बेनितेझला पंधराव्या फेरीत, लढत संपायला अवघे काही सेकंद उरले असताना, थांबवून त्याने वेल्टरवेट गटाचा किताब घेतला होता.

वेल्टरवेटची मर्यादा १४७ पाउंड. म्हणजे डुरान खालच्या गटातून वर चढलेला, अंगाने लहान असलेला खेळाडू होता. त्याची उंची साधारण ५ फूट ७ इंच, लेनर्डची ५ फूट १० इंच. आणि दोन्ही हात पसरल्यावरच्या मापात लेनर्ड सात-आठ इंचांनी पुढे होता. कागदावर पाहिले तर हा हिशेब सरळ आहे : लेनर्डने लांब उभे राहून डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, मारत राहावे, डुरानने आत घुसण्यासाठी धडपडावे. मॉन्ट्रियलमध्ये असे घडले नाही.

मॉन्ट्रियल : आतली लढाई

लढतीच्या आधीच्या दिवसांत डुरानने लेनर्डला आणि त्याच्या पत्नीला उघडपणे अपमानास्पद बोलून डिवचले होते. याची गणना सहसा गमतीच्या किश्श्यांत होते. मला मात्र तो तयारीचाच भाग वाटतो, कारण त्याचा परिणाम थेट लेनर्डच्या पायांवर झाला. प्रशिक्षक अँजेलो डंडी यांची, ज्यांनी त्यापूर्वी मुहम्मद अलीचा कोपरा, म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत सल्ला देण्याची जागा, वर्षानुवर्षे सांभाळला होता, इच्छा होती की लेनर्डने अंतर राखून खेळावे. पण लेनर्डला आपणही मर्द गडी आहोत, केवळ देखणे नाचणारे नाही, हे सिद्ध करायचे होते आणि तो तळपाय जमिनीला टेकवून डुरानसमोर उभा राहिला. आपण त्या रात्री डुरानची लढत लढलो, अशी कबुली त्याने नंतर दिलेली आहे.

दुसऱ्या फेरीतच डुरानच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, लेनर्ड हलला. कुस्तीची सवय असलेल्या वाचकाला पुढचा भाग चटकन उमजेल, कारण डुरान जे करत होता ते बरेचसे खडाखडीसारखे होते : हात कुठे टेकवायचा, डोके कोणत्या बाजूला रोवायचे, समोरच्याचा दंड कधी दाबून धरायचा. तो सरळ धावून येत नसे. खांद्याची हूल द्यायची, डोके डावीकडून उजवीकडे न्यायचे, आणि लेनर्ड त्या हुलीला उत्तर म्हणून हात उचलतो न उचलतो तोच अर्धे पाऊल आत सरकायचे. आत आल्यावर त्याचे कपाळ लेनर्डच्या छातीशी किंवा खांद्याशी भिडलेले असे, एक हात लेनर्डच्या दंडाच्या आतल्या बाजूला, आणि दुसरा मोकळा हात बरगड्यांवर चालू. या स्थितीत लेनर्डचे लांब हात त्याच्याच गळ्यातले लोढणे झाले. लांब हाताला पूर्ण ताकदीने सुटण्यासाठी जागा लागते, आणि ती जागा डुरानने शिल्लकच ठेवली नव्हती. याउलट आखूड हाताचा हुक कोपर वाकलेले असतानाच, कमरेच्या अर्ध्या झटक्याने, पूर्ण वजनानिशी बसतो.

लेनर्ड मागे सरकत होता तेव्हा सरळ रेषेत सरकत होता, हा त्याचा दुसरा दोष. सरळ मागे जाणारा माणूस पाच-सहा पावलांत दोरांना टेकतो. तिथे त्याचे मागे जाणे संपते आणि समोरच्याचे पुढे येणे संपत नाही. पंच कार्लोस पाडिया यांनी त्या रात्री दोघांना आतल्या आत बराच वेळ झुंजू दिले, चटकन सोडवले नाही, याचाही डुरानला फायदा झाला. त्यावर लेनर्डच्या गोटात नाराजी होती. माझ्या मते ती नाराजी अनाठायी आहे, कारण पंचाने न सोडवण्याआधी मुळात आपण कवटाळले का गेलो, हा प्रश्न उरतोच.

तरीही ही लढत एकतर्फी नव्हती, हे आवर्जून नोंदवायला हवे. मधल्या फेऱ्यांपासून लेनर्ड सावरला, उत्तरार्धातल्या अनेक फेऱ्या त्याने जोमाने खेळल्या, आणि तीन परीक्षकांचे गुण १४५–१४४, १४६–१४४ आणि १४८–१४७ असे होते. शेवटच्या आकड्याची एक कथाच आहे. तो आधी बरोबरी म्हणून जाहीर झाला आणि मग दुरुस्त करण्यात आला. शिवाय दहा गुणांच्या पद्धतीत (फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ, बरोबरी असल्यास दोघांना दहा) पंधरा फेऱ्यांचे १४८–१४७ होतात याचा अर्थ त्या परीक्षकाने तब्बल दहा फेऱ्या बरोबरीच्या दिल्या होत्या. पंधरापैकी दहा फेऱ्यांत कोण पुढे होते हे ज्याला सांगता आले नाही, त्याच्यावर परीक्षकाची जबाबदारी का सोपवावी, असे वाटून जाते. पण तिघांच्याही कागदावर डुरान पुढे होता, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. शेवटच्या फेरीत तर डुरान हनुवटी पुढे काढून लेनर्डला चिडवत होता. हे दृश्य लक्षात ठेवावे. ते परत येणार आहे, भूमिका बदलून.

मधले पाच महिने

लेनर्डने परतीची लढत लवकर मागितली. डुरान पनामाला राष्ट्रीय वीर म्हणून परतला होता, मेजवान्या चालू होत्या आणि त्याचे वजन भराभर वाढत होते, हे लेनर्डच्या कानावर गेले होते. घाई करण्यामागे तो हिशेब होता, हे त्याने पुढे लपवलेले नाही. ही गोष्ट काहींना अखिलाडूपणाची वाटते. मला ती रिंगणाबाहेर, पण त्याच पद्धतीने केलेली चाल वाटते : समोरच्याला त्याच्या सोयीची वेळ मिळू द्यायची नाही. डुरान मात्र वाढलेले वजन उतरवण्यात अडकला, आणि ज्या सरावात डावपेच घोटायचे त्यातला बराच काळ घाम गाळून पाउंड कमी करण्यात गेला. त्याच्या कोपऱ्यात रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन यांच्यासारखे, आयुष्य या धंद्यात घालवलेले वृद्ध जाणकार होते. पण जाणकार कोपऱ्यात असून भागत नाही, शिष्याने सरावाला यावे लागते.

लेनर्डच्या सरावात बदल झाला तो पायांचा. सरळ मागे न जाता बाजूला वळायचे, डुरान अंगावर आला की पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरून त्याच्या बगलेला जायचे, आणि दोरांशी अडकलोच तर कवटाळून त्यालाच दोरांकडे फिरवायचे.

न्यू ऑर्लिन्स

सुपरडोममध्ये लढतीपूर्वी गायक रे चार्ल्स यांनी ‘अमेरिका द ब्युटिफुल’ गायले. लेनर्डचे पूर्ण नाव रे चार्ल्स लेनर्ड, आणि ते याच गायकावरून ठेवलेले. पहिल्या फेरीपासून लेनर्ड टाचा उचलून हलत होता.

या लढतीच्या चित्रीकरणात ठोशांकडे न पाहता केवळ चार पायांकडे पाहत राहिले, तर कथा अधिक स्पष्ट कळते. डुरान अंतर तोडायला पाऊल टाकतो. ते पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा लेनर्डचा डावा पाय चवड्यावर वळलेला असतो आणि उजवा पाय कमान काढल्यासारखा मागून फिरलेला असतो. परिणामी डुरानचे दोन्ही पाय जिथे लेनर्ड होता त्या दिशेला रोखलेले राहतात आणि लेनर्ड त्याच्या खांद्याच्या बाजूला, कोनात उभा असतो. आता डुरानला मारायचे असेल तर आधी पाय वळवायला हवेत. लेनर्डला मारायला काहीच करावे लागत नाही. दोन किंवा तीन ठोसे, आणि पुन्हा बाहेर. डुरान वळतो, हूल देतो, परत पाऊल टाकतो. पण जूनमध्ये लेनर्ड ज्या हुलींना हात उचलून उत्तर देत होता त्याच हुलींना तो आता पायांनी उत्तर देत होता, आणि हूल फसली की ती देणाराच उघडा पडतो.

हुकलेल्या ठोशाची किंमत प्रेक्षकाला दिसत नाही म्हणून इथे थोडे थांबायला हवे. लागलेला हुक समोरच्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला हुक मारणाऱ्याच्या खांद्याला, कमरेला आणि मग मागच्या पायाला ओढून नेतो, आणि तो तोल सावरायला मारण्यापेक्षा अधिक श्रम पडतात. डुरानसारखा माणूस आयुष्यभर लागलेल्या ठोशांवर जगलेला असतो. त्याचा दम त्या हिशेबाने बेतलेला असतो. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचे हात हवेतून परत येत होते, आणि मला वाटते, तो थकला त्यापेक्षा गोंधळला अधिक.

तरीही, आणि हा मुद्दा या प्रकरणातला सर्वांत चकवणारा आहे, पहिल्या सहा फेऱ्या बऱ्यापैकी चुरशीच्या होत्या. डुरानने काही वेळा लेनर्डला दोरांपर्यंत नेले, अंगावर चांगले ठोसे दिले. सात फेऱ्यांनंतर परीक्षकांचे गुण लेनर्डच्या बाजूने ६८–६६, ६८–६६ आणि ६७–६६ होते. तिसऱ्या कागदाचा हिशेब मांडला तर डुरानने सातपैकी तीन फेऱ्या जिंकल्या होत्या. सातवी फेरी लेनर्डचीच धरली, तर सहाव्या फेरीअखेर त्या परीक्षकाच्या लेखी दोघे समसमान होते. म्हणजे डुरान लढत सोडतो तेव्हा तो गुणांवर हरत असतो, पण जेमतेम.

सातवी फेरी

सातव्या फेरीत लेनर्डने हात खाली सोडले. हनुवटी पुढे काढली, डोके डुरानच्या ठोशाच्या टप्प्यात आणून ठेवले आणि ठोसा निघताच ते बाजूला घेतले. खांदे उडवले, पाय घासून नाचवले. मग उजवा हात शरीराच्या बाजूला मोठ्या वर्तुळात गोल गोल फिरवू लागला, गोफण फिरवावी तसा. डुरानचे डोळे त्या हाताकडे गेले, जाणारच होते, आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा साधा जॅब त्याच्या तोंडावर बसला. ठोसा जबर नव्हता. स्टेडियम हसले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा ‘लेनर्डने त्याची खिल्ली उडवली’ एवढ्यावर थांबते, आणि विद्यार्थी त्यातून खिल्ली उडवायला शिकतात. ते उलटे आहे. हात खाली सोडून हनुवटी पुढे करणे शक्य झाले, कारण आधीच्या सहा फेऱ्यांत डुरान कुठून, किती लांबून आणि कोणत्या हुलीनंतर येतो याचा ताळा लेनर्डने करून घेतला होता. ठोसा कुठे संपणार हे त्याला माहीत होते. हनुवटी त्याच्या दोन इंच पलीकडे होती. मॉन्ट्रियलच्या शेवटच्या फेरीत डुराननेही नेमके हेच केले होते, आणि तेव्हाही कारण तेच होते : त्या रात्री अंतराचा ताळा डुरानकडे होता. दोन्ही वेळा चिडवणे ही सत्तेची निशाणी होती. सत्ता आधी मिळवलेली होती.

फरक इतकाच, की डुरानसारख्या माणसासाठी हसणे हे ठोशापेक्षा वाईट होते. त्याची सारी कारकीर्द समोरच्याने घाबरण्यावर उभी होती. घाबरलेला माणूस हुलीला दाद देतो, लवकर हात उचलतो, सरळ मागे पळतो. न घाबरणाऱ्यावर, त्यातही हसणाऱ्यावर, डुरानच्या शस्त्रांपैकी निम्मी चालतच नाहीत.

आठव्या फेरीत, २ मिनिटे ४४ सेकंदांवर, लढत संपली. डुरानने उजवा हातमोजा वर केला आणि लेनर्डकडे पाठ केली. पंच ऑक्टाव्हियो मेयरान यांचा क्षणभर विश्वासच बसेना. त्यांनी लढण्याची खूण केली, लेनर्डने पुढे होऊन अंगावर ठोसे मारले, आणि डुरानने पुन्हा नकाराचा हात हलवला. ‘नो मास’, म्हणजे ‘आता पुरे’, हे शब्द तेव्हापासून त्याच्या नावाला चिकटले आहेत. आपण ते शब्द उच्चारलेच नव्हते, असे तो पुढे सांगत आला.

आक्षेप आणि नंतरचा पुरावा

या विश्लेषणावर सरळ आक्षेप असा : डुरान तयारीत नव्हता, वजन उतरवून रिकामा झाला होता, वजन झाल्यावर भरपेट खाऊन त्याच्या पोटात कळा आल्या, तेव्हा अंतराची नि पायांची चर्चा कशाला? पोटदुखीचे कारण खुद्द डुरानने दिले होते. अपुऱ्या तयारीचा भाग मी पूर्ण मान्य करतो. पोटाबद्दल एवढेच म्हणता येते की ते दुखत असतानाही त्याने परीक्षकांच्या कागदावर दोन-तीन फेऱ्या जिंकल्या. शिवाय कमकुवत तयारीचा फटका कुठे बसला ते पाहावे. अंतर तोडण्याचे काम सर्वांत जास्त पाय मागते, आणि उपाशी राहून उतरवलेल्या शरीरात आधी पायच जातात. म्हणजे तयारीचा मुद्दा अंतराच्या मुद्द्याला बाजूला सारत नाही, त्यातच येऊन मिळतो.

डुरान भित्रा होता, हा दुसरा निष्कर्ष तर पुढच्या वर्षांनी पुसून टाकला. जून १९८३ मध्ये, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याने आणखी वरच्या गटात डेव्ही मूरला आठव्या फेरीत थांबवून किताब घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याहूनही वरच्या मिडलवेट गटाचा निर्विवाद राजा मार्विन हॅगलर याला त्याने पूर्ण पंधरा फेऱ्या झुंजवले आणि थोडक्या गुणांनी हरला. पण जून १९८४ मध्ये टॉमी हर्न्सने त्याला दुसऱ्याच फेरीत निपचित पाडले, आणि एप्रिल १९८५ मध्ये त्याच हर्न्सला हॅगलरने तिसऱ्या फेरीत संपवले. या तिघांचा त्रिकोण ताकदीच्या एकाच फूटपट्टीने सोडवून पाहावा, सुटत नाही. हॅगलरने डुरानच्या वाटेला सावधपणे जाऊन त्याला आपल्या जागी थांबून प्रतिठोसे मारू दिले. सहा फुटांहून उंच असलेल्या हर्न्सचा उजवा हात इतक्या लांबून येत होता की डुरानची खडाखडी सुरूच होऊ शकली नाही. आणि हॅगलर हर्न्सवर पहिल्या घंटेलाच असा तुटून पडला की त्या लांब हाताला सुटायला जागाच मिळाली नाही.

डुरान आणि लेनर्ड तिसऱ्यांदा ७ डिसेंबर १९८९ रोजी लास व्हेगासमध्ये भेटले, बारा फेऱ्यांसाठी. लेनर्डने तोच न्यू ऑर्लिन्सचा पाठ पुन्हा गिरवला : आत, दोन ठोसे, वळून बाहेर. तिघा परीक्षकांनी त्याला १२०–११०, ११९–१०९ आणि ११६–१११ असा कौल दिला. डुरान अडतीस वर्षांचा होता. तो पाठलाग करत राहिला आणि पोहोचू शकला नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून प्रेक्षक हुर्यो करू लागले. लढत संपली तेव्हा जिंकलेल्या लेनर्डच्या चेहऱ्यावर बऱ्याच जखमा होत्या आणि त्यांना टाके घालावे लागले. बारा फेऱ्यांत डुरान जितका वेळ आत पोहोचला होता, तेवढ्या वेळाचा तो हिशेब होता.